जावयाच्या घड्याळाचा ओरखडा

दौंडात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात, ती साफ खोटी आहे. मेहमूद घड्याळवाल्यानं दोस्ताच्या मुलीच्या लग्नात, दोस्ताची अब्रू राखायला, नसलेली चूक आपल्या अंगावर घेतली म्हणे. चहाच्या हॉटेलात सांगतात, मशिदीबाहेर सांगतात, रेल्वेचे पेन्शनर तर डोळे पुसत सांगतात. मी पन्नास वेळा म्हटलं, अरे बाबांनो, चूक माझीच होती. तर म्हणतात, बघा, अजून मोठेपणा घेत नाही, किती मोठं मन. आता काय भिंतीवर डोकं आपटून घेऊ?

म्हणून एकदा नीट सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

माझं दुकान स्टेशनासमोरच्या गल्लीत होतं. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली की तिसऱ्यानं रस्त्यात उभं राहायचं. माझे वडील, सुभानभाई, कुलपं दुरुस्त करायचे; मी घड्याळांत शिरलो. मी सांगतोय ते सन अठ्ठावन्नचं. तेव्हाचं दौंड म्हणजे इंजिनांचं गाव. सकाळी घातलेला पांढरा सदरा दुपारपर्यंत कोळशानं करडा व्हायचा. गुलशन, माझी बायको, वाऱ्याची दिशा बघून दोरीवरचे कपडे काढायची आणि रेल्वेला शिव्या घालायची. पण चुलीवर भात कधी टाकायचा ते तीसुद्धा गाडीच्या शिट्टीवरच ठरवायची. आता ती शिट्टी नाही, तो धूर नाही, कपडे स्वच्छ वाळतात, आणि मला मेलं करमत नाही.

गार्ड, ड्रायव्हर, तिकीट कलेक्टर, सगळ्यांची घड्याळं माझ्याकडं यायची. पार पुण्याहून कोणी कोणी द्यायला यायचे. मेहमूदच्या हाताला चूक माहीत नाही, असं म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला फार गोड लागायचं. एक खोड मात्र होती. दुपारची मेल सिग्नलपाशी आली की शिट्टी द्यायची. ती ऐकली की हातात काहीही काम असो, माझी मान भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडं जायची आणि मी मोठ्यानं ओरडायचो, आज एवढी मिनिटं लेट. ते ऐकून समोरचा टांगेवाला घोड्याच्या तोंडाची चंदीची पिशवी सोडायचा, हमाल विड्या विझवून उठायचे. कोणी मला नेमलं नव्हतं. पण सगळी गल्ली माझ्या तोंडाकडं बघते, याचं मला कौतुक होतं.

हौशीराम वडगाव रासाईचा. भीमेच्या काठाला त्याचं रान. वांगी, गवार, दसऱ्याला झेंडू. बाजाराच्या दिवशी माळवं घेऊन होडीनं नदी ओलांडायचा, केडगावला गाडी पकडायचा, आणि पाट्या रिकाम्या झाल्या की माझ्या बाकावर येऊन टेकायचा. माझ्या लग्नात ह्यानं आठ दिवस आधी येऊन मांडव घातला होता. मला "अरे मेहमूद" करायचा, मी त्याला "काय रे हौशा" करायचो. त्याची बायको भामाबाई मला भावजी म्हणायची आणि उन्हाळ्यात माझ्याकडं कुरडया पाठवायची. माणूस दिलाचा, पण बढाईखोर. पुढं जे झालं त्यात त्याच्या बढाईचाही वाटा आहे, ते मी सोडणार नाही.

त्याला एकुलती एक मुलगी, धुरपदा. तिचं शिरूरला जमलं. मुलगा जालिंदर, शाळामास्तर, निर्व्यसनी. त्या लोकांनी तोंडानं काही मागितलं नव्हतं. पण सुपारी फुटली त्या बैठकीत ह्या बहाद्दरानं मिशीवर हात फिरवत जाहीर केलं, की जावयाला घड्याळ घालीन ते विलायती, सोन्याचं, नवं कोरं. झेंडूचे दोन हंगाम त्यात घातले. स्वतः पुण्याला जाऊन, मोठ्या दुकानात दहा वेळा विचारून, मखमलीच्या डबीतून ते घड्याळ आणलं. मी बघितलं आणि खरंच माझी बोलती बंद झाली. पोळीच्या पापुद्र्याएवढं पातळ, आणि पट्टा मगरीच्या कातड्याचा.

त्या कातड्यावरच गाडी अडली. त्यांच्याकडं रिवाज असा, की नवरदेव वाजतगाजत येतो तो आधी मारुतीच्या देवळात उतरतो. तिथं मुलीकडची मंडळी त्याला पोशाख चढवतात, मग मांडवात नेतात. घड्याळही तिथंच बांधायचं होतं. भामाबाई म्हणाली, चपला बाहेर काढून देवापुढं जाता आन् मनगटाला कातडं बांधून उभं ऱ्हाता व्हय? म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी, घरात शंभर कामं टाकून, हौशीराम माझ्या दुकानात हजर झाला. कातडी पट्टा काढायचा, सोनेरी चेन बसवायची. एवढंच. तू काम कर, मी मुंडावळ्या आन् सुपाऱ्या घेऊन येतो, असं म्हणून तो बाजारात गेला.

आता हे काम काय असतं ते सांगतो. घड्याळाला वर दोन, खाली दोन अशी टोकं असतात. त्यांच्यामध्ये स्प्रिंगची एक बारीक काडी असते, तिच्यावर पट्टा बसतो. अणकुचीदार हत्यारानं काडी दाबली की पट्टा सुटतो. डोळे झाकून करावं असं काम. मी दिवसाला दहा पट्टे बदलायचो.

वरचा पट्टा काढला. खालच्या काडीला हत्यार लावलं, दाबलं, आणि मेलनं शिट्टी दिली. माझी मान वर गेली. सात मिनिटं लेट, असं मी ओरडलो. तोंडातून शब्द निघतोय तोवर हाताला कळलं. आवाज काही झाला नाही, पण हाताला कळलं.

भिंग डोळ्याला लावून बघितलं. डाव्या टोकावर, मुगाच्या दाण्याएवढ्या लांबीचा ओरखडा. सोन्यात चांगला खोल गेलेला. मऊ चामड्यानं घासून बघितलं, खडू लावून बघितला. जास्त घासावं तर टोकाची धार जाते आणि लबाडी लांबून दिसते. बाकावर दोन गार्ड बसले होते, आपसात बोलत. एकानं विचारलं, काय मेहमूदभाई, घाम का फुटला? मी म्हटलं, उकाडा आहे. मग मुकाट्यानं चेन बसवली. चेनच्या कडीनं अर्धा ओरखडा झाकला गेला आणि माझ्यातल्या सैतानानं सांगितलं, बाकीचा कोण बघतोय.

हौशीराम परत आला. त्यानं आधी रस्त्यावरच्या नळावर हात धुतले, धोतराला पुसले, आणि मग डबी हातात घेतली. डबीतल्या घड्याळाकडं तो ज्या नजरेनं बघत होता, ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. बरं दिसतंय का रं, असं त्यानं मला विचारलं. ते दोन गार्ड माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, झकास.

बस, तेवढंच. एक शब्द. माझं सगळं पाप त्या एका शब्दात आहे, बाकीचं नंतर नुसतं वाढत गेलं.

घरी गुलशनला सांगितलं. तिनं हातातलं पीठ तसंच ठेवलं आणि म्हणाली, अजून दिवस आहे, आत्ताच्या आत्ता गाडी पकडा आणि सांगून या. मी म्हटलं, लग्नघर आहे, उगाच त्याच्या जिवाला घोर. ती म्हणाली, त्याच्या जिवाची काळजी आहे का तुमच्या नावाची? बायको शहाणी असली की असा त्रास होतो. मी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वडगावला लग्नाला गेलो. वऱ्हाड आलं, ताशे वाजले, नवरदेव मारुतीच्या देवळात उतरला. मी बाहेर पारावर बसलो होतो, तिथून सगळं दिसत होतं. हौशीरामनं फेटा असा बांधला होता की डोकं हलवता येत नव्हतं. पोशाख झाला, टोपी झाली. मग त्यानं डबी उघडून चारचौघांत फिरवली. नवं कोरं, विलायती, असं मोठ्यानं सांगत. बढाई, दुसरं काय.

नवऱ्या मुलाचे मामा होते, आनंदराव. पुण्यात एका बड्या वकिलाकडं कारकून, आणि वकिलाच्या सगळ्या अकला स्वतःच्या समजणारे. त्यांनी घड्याळ उचललं, उजेडाला धरलं, कलतं केलं. मी मनात म्हटलं, या अल्ला.

"हे नवं नाही," ते म्हणाले. "याचा पट्टा आधी कोणीतरी बदललेला आहे. हा बघा ओरखडा. डबी नवी, घड्याळ कोणाच्या तरी हातावरून उतरलेलं."

ताशेवाले थांबले. हौशीराम म्हणाला, पट्टा कालच बदललाय, दौंडला मेहमूदकडं. तर आनंदराव हसले. म्हणाले, अहो, माझं स्वतःचं घड्याळ मेहमूदकडं असतं, त्या माणसाच्या हातून असा ओरखडा जन्मात पडायचा नाही, दुसरं काहीतरी सांगा. बघा, माझ्या नावाचा डंका कुठं येऊन वाजला. हौशीरामचा चेहरा पांढरा पडला. देवळाच्या दाराशी बायकांत भामाबाई उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला.

तेव्हा मी उठलो. पारावरूनच ओरडून सांगितलं, की ओरखडा माझ्या हातचा आहे, काल माझं लक्ष नव्हतं, घड्याळ नवंच आहे. मग आनंदराव माझ्याकडं बघून मान डोलवायला लागले. म्हणाले, "वा मेहमूदभाई. दोस्ती असावी तर अशी." आणि सगळं देऊळ वा वा करायला लागलं. मी म्हणतोय, खरं सांगतोय. मी जितका ओरडतोय तितके ते मान डोलवतायत. शेवटी जालिंदरच म्हणाला, घड्याळ चालतंय ना मामा, मग बांधा की, मुहूर्त टळेल. पोरगा सोन्यासारखा. लग्न लागलं, बुंदीच्या पंगती उठल्या.

पंगतीनंतर हौशीरामनं मला गोठ्यामागं नेलं आणि कडकडून मिठी मारली. म्हणाला, माझ्यासाठी तू तुझ्या धंद्याला काळं फासून घेतलंस. मी म्हटलं, हौशा, तुझ्या गळ्याची शपथ, तो ओरखडा मीच पाडलाय. त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. पुण्याच्या त्या दुकानानं त्याला फसवलं, शेतकरी बघून उतरलेलं घड्याळ गळ्यात मारलं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. काल मी झकास म्हणालो होतो ना? ओरखडा काल माझ्या हातून पडला असता, तर दोस्तानं कालच सांगितलं असतं. त्याचा हिशेब सरळ होता. माणूस सरळ असला की असाच हिशेब करतो.

मला वाटलं होतं, माझा धंदा बसेल. तर तो दुप्पट वाढला. शिरूरहून, बारामतीहून लोक घड्याळं घेऊन यायचे, मला बघायला. दुसऱ्याची चूक अंगावर घेणारा माणूस आपली चूक लपवेल होय, असं म्हणायचे. मी आतून जळायचो.

आणि तिकडं हौशीराम खालावत चालला. शिरूरला सासरी धुरपदाला फार त्रास होता असं नाही, पण भांड्याला भांडं लागलं की सासू म्हणायची, तुझ्या बापाचा खरेपणा आम्ही देवळातच बघितला. पोर ऐकून घ्यायची, पण गावात अशी गोष्ट लपत नाही. हौशीरामनं शिरूरला जाणं कमी केलं. गेलाच तर ओसरीवर टेकायचा, नातवाच्या हातात खाऊ द्यायचा आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठायचा. बढाई तर पार गेली. माझ्या बाकावर येऊन नुसता बसून राहायचा. त्याच्या त्या बढायांना मी किती शिव्या घातल्या होत्या, पण आता एखादी तरी मारावी म्हणून मी वाट बघायचो. मी विषय काढला की म्हणायचा, जाऊ दे रं मेहमूद, तुझं उपकार हायेत. उपकार म्हटलं की मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटायची. खरं तर माझ्या.

चौसष्टच्या थंडीत भामाबाई वारली. न्यूमोनिया झाला, चार दिवसांत गेली.

त्यानंतर तीन वर्षांनी, सन सदुसष्टला, जालिंदर माझ्या दुकानात आला. घड्याळ बंद पडलं होतं. सणासुदीलाच घालायचा, त्यामुळं नऊ वर्षं उघडावं लागलं नव्हतं. आतलं तेल वाळलं होतं. ठेवून गेला, आठ दिवसांनी येतो म्हणाला.

मी मागचं झाकण उघडलं, आणि बसल्या जागी थिजलो. आमच्या धंद्यात एक रीत आहे. घड्याळ साफ करणारा कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपली खूण आणि तारीख कोरतो. वरून कोणाला दिसत नाही, पण पुढच्या कारागिराला कळतं की आधी कोण येऊन गेलं. जुन्या घड्याळाच्या झाकणात अशा तीन-तीन, चार-चार खुणा असतात. ह्या झाकणात एकही नव्हती. आरशासारखं लख्ख. हे मला आधी सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. पण जावयाच्या हातातलं घड्याळ मागून घ्यायचं, झाकलेलं पुन्हा उघडायचं, याला छाती लागते. ती माझ्याकडं नव्हती. नऊ वर्षं नव्हती.

त्या दिवशी मात्र दुकान बंद केलं, घड्याळ, सुई आणि भिंग रुमालात बांधलं आणि वडगाव गाठलं. हौशीराम ओसरीवर झेंडूचं बी निवडत बसला होता. मी त्याच्यासमोर झाकण उघडलं, भिंग त्याच्या डोळ्याला लावून दिलं, आणि खुणांची रीत समजावून सांगितली. म्हटलं, बघ, माझ्याआधी ह्याच्यात कोणी हात घातलेला नाही. सीलबंद होतं. त्यानं पुष्कळ वेळ बघितलं. भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावून बघितलं.

"म्हंजी नवं हुतं," तो म्हणाला.

"नवं कोरं होतं."

"आन् वरखाडा?"

"माझा. नऊ वर्षं तेच सांगतोय."

मला वाटलं आता चिडेल, शिव्या देईल, चप्पल काढेल. देवाशपथ सांगतो, मी त्याचीच वाट बघत होतो. तो चिडला नाही. हलक्या आवाजात म्हणाला, "मग त्या दिशी दुकानातच का न्हाई सांगितलंस? मी तुला इचारलं हुतं की, बरं दिसतंय का म्हनून."

मी काय सांगणार? बाकावर दोन गार्ड बसले होते, हे सांगणार?

"भामा जाताना म्हनली," तो पुढं म्हणाला, "एकच पोर, तिच्या नवऱ्याला एकच चीज दिली, ती बी उतरलेली. त्येच घोकत गेली ती. आता तिला कोन सांगनार?"

मांजर येऊन बियांच्या सुपात बसलं, त्यानं ते हाकललंही नाही. मग एकदम त्यानं झाकण माझ्यापुढं सरकवलं. म्हणाला, तुमच्यात नाव कोरत्यात म्हनालास न्हवं? कोर. आजची तारीख घालायची न्हाई. लग्नाच्या आदल्या दिसाची घाल.

मी तिथंच, ओसरीवर, सुईनं माझं नाव आणि ती तारीख कोरली. अक्षर वाकडं आलं. हौशीरामला वाचता येत नव्हतं. त्यानं अक्षरावरून अंगठ्याचं नख फिरवलं, खरोखर काही कोरलंय का ते बघायला, आणि झाकण घेऊन उठला.

त्यांच्यात सवाष्ण गेलेल्या बाईचा चांदीचा छोटा टाक करून देव्हाऱ्यात देवांच्या ओळीत ठेवतात. भामाबाईचा होता. हौशीराम आत गेला, देव्हाऱ्यासमोर वाकला, आणि ते झाकण त्यानं त्या टाकासमोर धरलं. असं कलतं धरलं, की उजेड पडून तिला नीट दिसावं.

"भामे," तो म्हणाला, "नवंच हुतं गं."

मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. आत जायची माझी लायकी नव्हती. तिथंच भिंतीला धरून हमसून हमसून रडलो.